अमेरिकन विद्यापीठांचें द्रव्यसाहाय्य : छापील फी आणि खरी फी

अमेरिकेंत शिकावयास जाणें हें लक्षाधीशांच्या मुलांचें काम, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांत पदवीच्या अभ्यासक्रमासाठीं २०२५-२६ या वर्षाचा शिक्षण, निवास व भोजन यांचा छापील खर्च ८६ हजार डॉलरांहून अधिक होता. रुपयांत तो पाऊण कोटीच्या आसपास जातो. चार वर्षांचा हिशेब मांडूं लागणारा पालक पहिल्याच ओळीवर लेखणी खालीं ठेवील, यांत नवल तें काय ?

परंतु हा आकडा छापील आहे, प्रत्येकानें भरावयाचा नव्हे. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १ लाख डॉलरांपर्यंत आहे व मालमत्ताहि बेताचीच आहे, त्याच्याकडून हार्वर्ड २०२५-२६ पासून कांहींहि घेत नाहीं. २ लाख डॉलरांपर्यंत निदान शिक्षणाची फी तरी माफ होते. आणि या बाबतींत स्वदेशी विद्यार्थी व परदेशी विद्यार्थी असा भेद तें विद्यापीठ करीत नाहीं.

आतां एक हिशेब करून पाहूं. समजा, एका कुटुंबाचें उत्पन्न वर्षास ९ लाख रुपये, म्हणजे २०२५ च्या भावानें सुमारें १० हजार डॉलर आहे. राहतें घर व थोडी कोरडवाहू जमीन एवढीच मालमत्ता. त्यांच्या मुलीस दोन ठिकाणीं प्रवेश मिळाला. एका कॉलेजाचा छापील खर्च ८६ हजार डॉलर, पण तें गरज पूर्णपणें भागविणारें. दुसरें एका राज्याचें सरकारी विद्यापीठ. छापील खर्च ४५ हजार, पण परदेशी विद्यार्थ्यास साहाय्य नाहीं. पहिल्या ठिकाणीं घरच्यांस फार तर प्रवासखर्चाची विवंचना. दुसऱ्या ठिकाणीं चार वर्षांत १ लाख ८० हजार डॉलर उभे करावयाचे! जें पत्रकांत महाग तें गरिबास स्वस्त पडावें आणि स्वस्त दिसणारें त्यास धुळीस मिळवावें, असा हा उलटा बाजार आहे. पुष्कळ पालक स्वस्त कॉलेजांची यादी करूं लागतात. आमच्या मतें ती यादी मुळांतच चुकीच्या बाजूनें सुरू होते.

असें कां व्हावें ? अमेरिकेंतील सरकारी विद्यापीठें त्या त्या राज्यांतील करदात्यांच्या पैशावर उभीं आहेत, आणि त्या करदात्यांच्या मुलांची सोय हें त्यांचें पहिलें काम. कॅलिफोर्नियाचें राज्य विद्यापीठ गरज पाहून दिलें जाणारें साहाय्य परदेशी विद्यार्थ्यांस देत नाहीं. इतर राज्यांतहि बहुतेक ठिकाणीं हीच रीत. केंद्र सरकारचें साहाय्यहि मुख्यतः नागरिकांसाठींच. तेव्हां परदेशी विद्यार्थ्यास जें मिळावयाचें तें बहुधा खासगी कॉलेजाच्या स्वतःच्या थैलींतून. ही थैली म्हणजे दानशूर लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या देणग्यांची कायम ठेव. देवस्थानाच्या इनामाप्रमाणें मूळ राखावयाचें व उत्पन्न खर्चावयाचें. हार्वर्डची ही ठेव २०२४ सालीं सुमारें ५३ अब्ज डॉलरांची होती. अशा ठेवींतून साधारणतः शेंकडा पांचच्या आंतबाहेर रक्कम दरसाल खर्चावयास काढतात. २०२५ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें सर्वांत श्रीमंत विद्यापीठांच्या या उत्पन्नावरील कर शेंकडा १.४ वरून ८ पर्यंत वाढविला. औदार्य हें अंतःकरणाचें कार्य खरें, पण त्याचें मोजमाप शेवटीं व्याजावर होतें.

‘उदार साहाय्य’ हा शब्द पत्रकांतून फार सढळपणें वापरलेला आढळतो. तो वाचतांना तीन गोष्टी विचाराव्या असें आम्ही सुचवितों. निवड करतांना कॉलेज आपल्या गरिबीकडे पाहतें काय ? निवड झाल्यावर तें सगळी गरज भागवितें, कीं थोडी ? आणि जें देतें तें देणगी म्हणून, कीं कर्ज म्हणून ?

पहिल्या प्रश्नावर बहुतेकांची गफलत होते. कांहीं कॉलेजें अर्ज तपासतांना विद्यार्थ्यास पैसे लागणार आहेत कीं नाहीं हें पाहतच नाहींत. गुणवत्तेपुरता निकाल लावून मग पैशांचा कागद उघडतात. मात्र परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतींत असें वागणारीं व शिवाय पूर्ण गरज भागविणारीं कॉलेजें दहाच्या आसपासच आहेत. प्रिन्स्टननें २००१ पासून हा नियम परदेशी विद्यार्थ्यांस लागू केला. हार्वर्ड, येल, एम. आय. टी. व ॲमहर्स्ट हीं त्याच पंक्तींतलीं. डार्टमथ व बोडन हीं २०२२ सालीं, आणि ब्राऊन २०२५ सालीं दाखल झालेल्या वर्गापासून त्यांत आलीं. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांचीं नांवें तितकींच मोठीं. परंतु परदेशी विद्यार्थ्यानें साहाय्य मागितलें असल्यास निवडीच्या वेळीं त्या मागणीचा विचार होतो, हें तीं उघडपणें सांगतात. एकदां निवड झाली म्हणजे मात्र तींहि गरज पूर्ण भागवितात. यांच्याखेरीज आपल्याकडे ज्यांचीं नांवें फारशीं ऐकूं येत नाहींत अशीं लहान कॉलेजें आहेत. मिनेसोटांतील मॅकॅलेस्टर किंवा १८३७ सालीं स्थापन झालेलें मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक हें स्त्रियांचें कॉलेज, यांत प्रवेश मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्याची ठरलेली गरज पूर्णपणें भागवितात. शेजाऱ्यांस सांगतांना नांवाचा रुबाब पडणार नाहीं, एवढीच काय ती उणीव.

आतां येथेंच एक मोह उभा राहतो. साहाय्य मागितल्यानें प्रवेशाची शक्यता कमी होत असेल, तर आरंभीं मागूंच नये; एकदां आंत शिरल्यावर पाहूं ! ही युक्ति कित्येक पालकांस चतुराईची वाटते, आणि सल्ला विकणारे कांहीं दलाल ती खुशाल शिकवितात. तिचें फळ असें कीं, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणीं ज्या परदेशी विद्यार्थ्यानें अर्जाच्या वेळीं साहाय्य मागितलें नाहीं, त्यास पुढील चार वर्षें तें मागतां येत नाहीं. इतर अनेक कॉलेजांचा नियम असाच आहे. पहिल्या वर्षाचे पैसे घर गहाण ठेवून भरले. दुसऱ्या वर्षीं काय? व्हिसासाठीं लागणारें आय-२० हें पत्र पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविली कीं मिळतें, म्हणून पहिलें वर्ष पार पडतें. गाडें अडतें तें त्यानंतर. अर्धवट शिकून परतलेल्या मुलाच्या हातांत पदवी नसते, घर सावकाराकडे असतें. गरज असेल तर ती पहिल्याच कागदावर लिहावी; तिच्यामुळें एखादें दार बंद झालें तर होऊं द्यावें. तें दार उघडलें असतें तरी तें आपल्यासाठीं नव्हतें.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रवेशपत्रांतील आंकड्यांत दडलेलें असतें. एकूण खर्चांतून कुटुंबास देतां येण्यासारखी रक्कम वजा केली असतां जें उरतें त्यास तिकडे गरज म्हणतात. आणि ती किती, हें कुटुंबानें नव्हे तर कॉलेजानें कागदपत्रें पाहून ठरवावयाचें असतें. पत्रांत ‘आपणांस वार्षिक ३० हजार डॉलरांची शिष्यवृत्ति देण्यांत येत आहे’ असें वाचून घरांत पेढे वांटले जातात. परंतु खर्च ७० हजार असेल तर ४० हजारांचा खड्डा तसाच राहिला ! गुणवत्तेबद्दल म्हणून दिल्या जाणाऱ्या पुष्कळशा शिष्यवृत्त्या या प्रकारच्या असतात. हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांचा जो संघ आहे, तेथें तर गुणवत्तेची शिष्यवृत्ति मुळींच नाहीं. जें द्यावयाचें तें गरज पाहूनच.

तिसरा प्रश्न देणगीचा व कर्जाचा. प्रिन्स्टननें २००१ सालीं आपल्या साहाय्यांतून कर्ज काढून टाकलें व त्या जागीं देणगी घातली. नंतर दुसऱ्या श्रीमंत कॉलेजांनींहि तोच मार्ग धरला. साहाय्याचा एक भाग मात्र बहुतेक ठिकाणीं कामाच्या रूपानें येतो. विद्यार्थ्याच्या व्हिसावर असलेल्यास सत्र चालू असतां कॉलेजाच्या आवारांत आठवड्यास २० तासांपर्यंत काम करतां येतें. ग्रंथालयांत पुस्तकें लावणें, भोजनगृहांत वाढणें, प्रयोगशाळा स्वच्छ ठेवणें, असलीं हीं कामें. आपल्या मुलानें ताटें उचलावीं हें ऐकून ज्या पालकांस संकोच वाटतो, त्यांनीं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील ‘कमवा व शिका’ ही पद्धति आठवावी.

या संदर्भांत केंटकी राज्यांतील बेरिया कॉलेजाची हकीगत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. जॉन फी नांवाच्या एका ख्रिस्ती उपदेशकानें, जो गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, १८५५ सालीं हें विद्यालय काढलें. त्याचें ब्रीद ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायांतून घेतलेलें आहे, आणि त्यास अनुसरून यादवी युद्धानंतर काळे व गोरे, मुलगे व मुली तेथें एकत्र शिकूं लागले. १९०४ सालीं राज्यानें कायदा करून हें सहशिक्षण बंद पाडलें. कायद्यांत दुरुस्ती व्हावयास १९५० साल उजाडावें लागलें. तेथें १८९२ पासून शिक्षणाची फी घेत नाहींत. प्रत्येक विद्यार्थ्यानें आठवड्यास किमान १० तास काम केलेंच पाहिजे. झाडू बांधणें, हातमाग, सुतारकाम व शेती हीं तेथील जुनीं कामें. परदेशी विद्यार्थी थोडे घेतात, पण घेतलेल्यांचा पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च कॉलेज सोसतें. पुढें सुटींतील मिळकतींतून त्यांनीं थोडा वाटा उचलावा अशी अपेक्षा असते. हार्वर्डच्या ठेवीपुढें बेरियाची ठेव कांहींच नाहीं, तरी औदार्याच्या तराजूंत आम्ही तीस हलकी लेखणार नाहीं.

आपल्या इकडच्या मदतीचाहि थोडा विचार करूं. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीं लिहून दिला होता. मुंबईस जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं स्थापिलेला निधि उच्च शिक्षणासाठीं कर्जाऊ शिष्यवृत्ति देतो. या मदतींना करार किंवा परतफेड चिकटलेली असते; अमेरिकन कॉलेजाच्या देणगीस तसें बंधन नसतें. पुणें जिल्ह्यांत मुळशीच्या डोंगरांत १९९७ सालीं निघालेलें महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हा आणखी एक मार्ग. तेथें दोन वर्षें शिकून बाहेर पडलेल्यांस, २००० सालीं सुरू झालेल्या डेव्हिस योजनेखालीं, अमेरिकेंतील पुष्कळ कॉलेजांत गरजेनुसार साहाय्य मिळतें. मॅट्रिकच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण तेथील प्रवेश त्यानंतर लगेचच होतो.

पदवीनंतर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. २०२३-२४ सालीं अमेरिकेंत भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांवर होते. त्यांत पदवीपूर्व शिकणारे अवघे ३६ हजार, आणि जवळजवळ २ लाख पदव्युत्तर. यांपैकीं एम्. एस्. करणारे बहुधा स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर जातात. पीएच्. डी. साठीं घेतलेल्यांस मात्र शिकविण्याच्या वा संशोधनाच्या कामाबद्दल फी माफ होऊन निर्वाहवेतन मिळण्याची वहिवाट आहे.

विद्यार्थ्यांस खोटी आशा दाखविण्याची आमची इच्छा नाहीं. हार्वर्डमध्यें अर्ज करणाऱ्या शंभरांत पांचांसहि प्रवेश मिळत नाहीं. व्हिसाची वाटहि अलीकडे खडतर झाली आहे. २०२५ च्या मे-जून महिन्यांत कांहीं आठवडे नव्या मुलाखतींच्या तारखा देणेंच थांबविलें होतें. म्हणून घरच्या कॉलेजाचा अर्ज भरून ठेवावाच.

ज्यांस प्रयत्न करावयाचा आहे त्यांनीं आधीं मुंबईच्या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाकडे जावें; तेथें ‘एज्युकेशन यू. एस. ए.’ तर्फे प्राथमिक माहिती फुकट मिळते. पैशांच्या माहितीसाठीं पुष्कळ खासगी कॉलेजें ‘सी. एस. एस. प्रोफाइल’ नांवाचा फॉर्म मागतात. त्यांत वडिलांचें वेतन, आईची मिळकत, घरांतील माणसें, ठेवी, कर्जें सर्व लिहावयाचें. पगाराचा दाखला, आयकराचे कागद, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शेती असल्यास सात-बारा व त्यांचीं इंग्रजी भाषांतरें आधींच जमवावीं. सात-बाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतील तर आपला हिस्सा किती हें वेगळ्या पत्रांत स्पष्ट करावें, नाहींतर सगळी जमीन आपल्याच नांवावर धरली जाते. अर्जाची फी झेपत नसेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रानें ती पुष्कळ ठिकाणीं माफ होते. असें पत्र मागण्यांत कमीपणा नाहीं. लवकरच्या फेरीचे अर्ज नोव्हेंबरच्या आरंभीं व नेहमींचे जानेवारीच्या आरंभीं बंद होतात, आणि साहाय्याचे कागद त्यांच्याच मागोमाग पोंचावे लागतात. नेहमींच्या फेरीचा निकाल मार्चच्या अखेरीस लागतो. हातीं येणाऱ्या पत्रांत देणगी किती, काम किती, कर्ज किती व घरून किती, हे चार आंकडे वेगळे काढून वडिलांसमोर मांडावे. उत्तर बहुधा १ मे पर्यंत द्यावयाचें असतें.