तेल डोक्याला की केसांना?

डिसेंबरच्या अखेरीस पुणे-नाशिककडच्या घरांत सकाळी एक दृश्य हमखास दिसते. खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते आणि कोणीतरी ती खिडकीतल्या उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवलेली असते. साधारण 24-25 अंशांच्या खाली हे तेल गोठते. ते पातळ झाले की घरभर फिरते. मुलीच्या वेणीला, बाळाच्या पाठीला, आजोबांच्या उललेल्या पोटऱ्यांना, फुटलेल्या ओठांना, स्वयंपाकघरातून आलेल्या कोरड्या हातांना. केस आणि त्वचा दोन्हींसाठी म्हणून हल्ली ज्या महागड्या बाटल्या मिळतात, त्यांचा मूळ पुरुष म्हणजे हीच बाटली.

या बाटलीवरून आपल्याकडे अनेक वर्षे न्यायालयीन वादही चालला. छोट्या बाटलीतले खोबरेल तेल हे खाद्यतेल की केसांचे तेल, असा प्रश्न होता, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नाही. अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचे तेल ठरत नाही, तसे लेबल लावून विकले तरच ठरते. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये केसांच्या तेलावरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि वादातला पैशांचा भाग बराचसा निकाली निघाला.

कायद्यापुरते ठीक झाले. पण आपल्या घरातला प्रश्न वेगळा आहे. तेच तेल केसांवर आणि कातडीवर एकच काम करते का? करत नाही. आणि या दोन कामांची गल्लत झाली की कोंडा, कपाळावरच्या पुटकुळ्या, हिवाळाभर न जाणारी खाज अशा तक्रारी मागे लागतात.

आधी केस. डोक्याच्या बाहेर दिसणारा केस मृत असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, म्हणून तर तो कापताना दुखत नाही. त्याला ‘पोषण’ देता येत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. त्याची झीज थांबवता मात्र येते. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात, आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा. केस ओला झाला की पाणी पिऊन फुगतो, वाळला की आक्रसतो. दर धुण्यात हे घडते आणि खवले हळूहळू सैल होतात. मग कंगवा अडकतो, टोके दुभंगतात. ब्लीच किंवा डाय केलेल्या केसांवरचा मुळातला स्निग्ध लेपही निघून गेलेला असतो, त्यामुळे ते लवकर खराब होतात.

इथे खोबरेल तेल खरोखर उपयोगी पडते. 2003 मध्ये आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. खोबरेल तेल लावलेल्या केसांतून धुताना कमी प्रथिन बाहेर पडले, बाकीच्या दोन तेलांनी तसा फरक पडला नाही. कारण रेणूच्या आकारात आहे. खोबरेल तेलात जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी सरळ आणि आखूड, फक्त बारा कार्बनची. ती खवल्यांमधून आत शिरते, प्रथिनाला चिकटते आणि पाण्याला आत यायला फारशी जागा ठेवत नाही. सूर्यफूल तेलातील वाकडी, लांब साखळी बाहेरच राहते. खनिज तेलाला प्रथिनाचे आकर्षणच नाही. हे दोन्ही संशोधक मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही वाचकाला ठाऊक असायला हवे. पण त्यातले रसायनशास्त्र पटण्यासारखे आहे.

यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. तेल धुण्याआधी लावावे आणि केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना लावावे. आदल्या रात्री लावले तरी चालते, तास-दोन तास आधी लावले तरी चालते. फाटलेली टोके तेलाने सांधली जात नाहीत, ती कापावीच लागतात. तेलाने केस वाढतात याला ठोस पुरावा नाही. वाढ होते ती कातडीखालच्या मुळाशी, आणि तिथे लोह, थायरॉइड, आजारपण, बाळंतपण, आनुवंशिकता यांचा हात असतो. केस मूठभर गळत असतील तर तेल बदलत बसण्यापेक्षा रक्त तपासून घेतलेले बरे.

आता खरी अडचण. आपण मराठीत ‘केसांना तेल लाव’ असे क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, ‘डोक्याला तेल लाव’. आणि तसेच करतो. भांग पाडत पाडत तेल कातडीवर ओततो, बोटांनी चोळून जिरवतो, आणि उरलेसुरले हात केसांवर फिरवतो. म्हणजे ज्या मृत केसाला तेलाची गरज, त्याला शेवटी, आणि जिवंत कातडीला आधी. डोक्याची कातडी मुळातच तेलकट असते. चेहऱ्याप्रमाणे तिथेही तैलग्रंथींची दाटी आहे.

त्या तेलावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी जगते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. ही बुरशी स्वतः स्निग्धाम्ले तयार करू शकत नाही, म्हणून ती आपल्या तेलाचे विघटन करते, हवी ती आम्ले घेते आणि ओलिक आम्लासारखी नको ती मागे टाकते. काहींच्या कातडीला ही उरलेली आम्ले सोसत नाहीत. ती लाल होते, खाजते आणि तिचे पापुद्रे भराभर सुटतात. हाच कोंडा. तो कोरड्या भुश्शासारखा दिसतो म्हणून घरातले वडीलधारे सांगतात, ‘डोके कोरडे पडलेय, तेल घाल.’ तेल घातल्यावर पापुद्रे चिकटून बसतात, दोन दिवस दिसत नाहीत, आणि औषध लागू पडले असे वाटते. तिसऱ्या दिवशी खाज दुप्पट.

खोबरेल तेलाबाबत चित्र थोडे संमिश्र आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भोपाळच्या आयसरमधील संशोधकांनी भारतीय स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात काही आठवडे हे तेल लावल्यावर डोक्यावरचे हितकर सूक्ष्मजीव वाढलेले आढळले. म्हणजे निरोगी डोक्याला तेल लावणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. पण डोके लाल झाले आहे, पिवळसर तेलकट खपल्या धरल्या आहेत, भुवया आणि नाकाच्या बाजूलाही पापुद्रे येतात, अशा वेळी तेल बंद. किटोकोनॅझोलसारखा बुरशीरोधक शाम्पू डॉक्टरांना विचारून आणावा, फेस डोक्यावर काही मिनिटे ठेवावा आणि मगच धुवावा. घाईने लावून लगेच धुतला तर पैसे मोरीत गेले असे समजा. कोंडा आटोक्यात असताना तेल लावायचेच असेल तर कानाच्या खालच्या केसांना लावा. वेणी तशीही तिथेच असते!

कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचेही असेच. केसांना लावलेले स्निग्ध पदार्थ ओघळून कपाळ आणि कानशिलावर मुरूम येतात, हे अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांनी 1970 मध्येच नोंदवले होते. दहावीतल्या मुलाला मुरमांची तीन क्रीम आणून देण्याआधी त्याच्या उशीचा अभ्रा पाहावा. तेलाचा डाग दिसला तर निम्मे निदान झाले.

उरली अंगाची त्वचा. इथे हिशेब पाण्याचा आहे. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची रचना विटा आणि चुन्यासारखी असते. पेशी म्हणजे विटा, त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. कढत पाणी आणि जास्तीचा साबण हा चुना धुऊन नेतात, मग आतले पाणी उडून जाते आणि अंग उलते. नखाने ओढले की पांढरी रेघ उठते ती याचीच खूण. तेलात पाणी नसते. कोरड्या अंगावर तेल चोपडले तर ते कोरडेपणावरच झाकण घालते. म्हणून केसांच्या उलटा नियम. अंगाला तेल आंघोळीनंतर, टॉवेलने हलके टिपून, अंग ओलसर असतानाच लावावे. दोन-तीन मिनिटांच्या आत. कोरड्या त्वचेसाठी हे पुरेसे काम करते. फिलिपिन्समधील 2004 च्या एका अभ्यासात खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच उपयोगी ठरले होते.

मग दिवाळीचे अभ्यंग चुकीचे का? मुळीच नाही. आधी लावलेले तेल गरम पाणी आणि उटण्याचा मारा झेलते, मालिशीने अंग मोकळे होते, आणि नरक चतुर्दशीची पहाट ती पहाट. फक्त शेवटी साबण लावून सगळे तेल काढून टाकले, तर दुपारपर्यंत अंग पुन्हा ताणल्यासारखे होणार. आंघोळीनंतर पुन्हा चार थेंब लावायला कोणत्याही शास्त्राची हरकत नसावी.

महाग तेल म्हणजे चांगले तेल, हा समजही इथे टिकत नाही. इंग्लंडमधील संशोधकांनी 2013 मध्ये प्रौढांच्या हातांवर चार आठवडे ऑलिव्ह तेल लावून पाहिले. त्वचेचा संरक्षक थर उलट कमकुवत झाला आणि थोडी लालीही आली. सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलात भरपूर असलेले ओलिक आम्ल त्या चुन्याची घडी विस्कटते. बदाम तेलातही तेच आम्ल मुख्य. ज्यांच्या अंगाला इसब आहे, त्यांनी ही दोन्ही तेले लांबच ठेवावीत. बाजारातल्या कित्येक ‘हलक्या’ बदाम तेलांत बदाम नावापुरता आणि बाकी लिक्विड पॅराफिन असते, हा आणखी एक विनोद. पॅराफिन त्वचेवर वाईट नाही, पाणी ते उत्तम अडवते. पण बदामाचे पैसे मोजून ते घेण्यात अर्थ नाही. बाटलीमागचे बारीक अक्षर वाचावे, घटक प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव पाहिले तरी पुष्कळ कळते. आणि जिथे ‘सुगंध’ लिहिले आहे, ते इसबाच्या रुग्णासाठी नाही.

केस आणि त्वचा दोन्हींसाठीच्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण निव्वळ ग्लिसरीन विदर्भातल्या कोरड्या हवेत लावले तर ते त्वचेतलेच पाणी ओढते. पाण्यात मिसळून लावावे, वर तेलाचा हात फिरवावा. पेट्रोलियम जेली ओठ-टाचांना फार चांगली, केसांना नको, धुता धुता नाकी नऊ येतात.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती तान्ह्या बाळाबाबत. तेलाचे फायदे इथे खरे आहेत. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफूल तेल लावले, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाले. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला. या बाळांची त्वचा इतकी पातळ असते की जंतू तिच्यातूनच आत शिरतात, तेलाने ती वाट अरुंद होते. त्याच वर्षी मुंबईतील शीव रुग्णालयाच्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या तुलनेत अधिक वेगाने वाढलेले दिसले. तेव्हा मालिशवाल्या मावशींना घराबाहेर काढण्याची गरज नाही.

पण त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. पहिली, टाळू भरताना तेल थापून तसेच ठेवू नये. बाळाच्या डोक्यावर पिवळसर खपल्या असतील तर तेलाने त्या मऊ करून, अर्ध्या-एक तासात सौम्य शाम्पूने धुऊन टाकाव्यात. दुसरी जास्त महत्त्वाची. नाकात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत. पाणी श्वासनलिकेत गेले तर ठसका लागतो आणि ते बाहेर येते. तेल ठसका न लागताच खाली उतरू शकते आणि फुप्फुसात साचून न्यूमोनिया होतो. लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात त्याला. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांनी अशी बाळे पुन्हा पुन्हा पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा घरच्यांनी ‘सर्दी होऊ नये म्हणून’ तेल घातलेले असते. कानातही नको, पडद्याला भोक असेल तर तेल आत जाते. मालिशीनंतर बाळ खोकू लागले, धाप लागली किंवा दूध ओढेनासे झाले, तर डॉक्टरांना नाकात तेल घातल्याचे आवर्जून सांगा. पुष्कळदा ते सांगायला घरचे बिचकतात, आणि औषध भलत्याच दिशेने सुरू होते.