दरखास्तीपलीकडचा न्याय

पूर्वेस छत्तीसगड आणि उत्तरेस मध्य प्रदेश अशा दोन राज्यांच्या शिवा ज्याला येऊन भिडल्या आहेत, त्या गोंदिया जिल्ह्यातील विधी-विद्यार्थ्यास हद्द म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. बाघ प्रकल्पाचे पाणी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात वाटले जाते. धानाच्या बांध्यांतून वावरणारा सारस पक्षी गोंदिया आणि बालाघाट या दोन्ही जिल्ह्यांत नांदत असल्यामुळे त्याच्या संरक्षणाचा विचार एकाच कचेरीच्या दफ्तरात पुरा होत नाही. असे असूनही सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय केवळ बार कौन्सिलने अभ्यासक्रमात आवश्यक ठरविला म्हणून परीक्षेपुरता वाचावयाचा आणि सनद हाती पडताच विसरावयाचा, असा समज जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांत दृढ झालेला आढळतो. तो समज दूर करण्याचे सामर्थ्य एखाद्या योग्य रीतीने आखलेल्या अभ्यासदौऱ्यात असते, आणि असा दौरा गोंदियाच्या विद्यार्थ्यास मुळीच असाध्य नाही.

त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय पाहण्यास हेगपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया जंक्शनातून छत्तीसगड एक्सप्रेसने दिल्ली गाठता येते, आणि तेथे भगवानदास रस्त्यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या समोरच, ‘इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ’ ही संस्था उभी आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष व्ही. के. कृष्ण मेनन होते आणि तिची वास्तू आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६० पासून संस्थेने आंतरराष्ट्रीय कायद्यास वाहिलेले नियतकालिक चालविले, आणि १९६४ मध्ये अध्यापनासाठी स्वतंत्र अकादमी काढली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनी हा कायदा युरोपकडून जसाच्या तसा न स्वीकारता त्याच्या घडणीत आपला शब्द घालावा, ही त्या काळाची आकांक्षा होती. आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची विधिविषयक सल्लागार संघटना १९५६ साली जन्मास आली व तिचे मुख्यालयही दिल्लीतच, चाणक्यपुरीत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच दौऱ्यात दोन्ही संस्था पाहण्याचे औचित्य सहज पटते.

परंतु इमारत पाहून विद्या येत नाही. ज्या कज्ज्यांनी हा कायदा घडविला ते अगोदर वाचून गेलेल्या विद्यार्थ्यासच ग्रंथालयातील निकालपत्रांचे खंड बोलके होतात; आणि त्यांतील एक कज्जा तर मराठी वाचकास आपल्या घरचाच वाटावा असा आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाल्या, तेव्हा दमणहून भारतीय मुलखातून तेथे फौजफाटा नेण्यास भारताने मनाई केली आणि पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेले महंमद करीम छागला हे त्या प्रकरणापुरते भारताच्या वतीने न्यायासनावर बसले होते. आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदारापुढे जो अर्ज चालतो, त्याचेच हे विशाल रूप होते.

पोर्तुगालने आपल्या सार्वभौमत्वाचा आधार म्हणून पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा पुढे केल्या. जगातील सर्वोच्च न्यायासनाने पेशवाईतील कागदांची छाननी केली आणि त्यांवरून असा निर्वाळा दिला की, मराठ्यांनी पोर्तुगिजांस दिला होता तो केवळ बारा हजार रुपयांच्या महसुलाचा हक्क, मुलखाचे स्वामित्व नव्हे; ते स्वामित्व पुढे इंग्रजी अमदानीत व्यवहाराने मान्य होत गेले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची वहिवाट पाहून न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला, तो असा : खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांस वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांस नव्हती, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. सैन्याविषयीचा निर्णय आठ विरुद्ध सात अशा एकाच मताच्या अंतराने झाला. सनदेतील प्रत्येक कलम, वहिवाटीचा प्रत्येक पुरावा कसा तोलला जातो, हे शिकण्यास याहून उत्तम पाठ कोणता?

दुसरा कज्जा आपल्याच पिढीचा. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांस मृत्युदंड फर्माविल्याचे एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले, त्यावर भारताने ८ मे रोजी हेगला धाव घेतली, आणि भारताची बाजू मांडण्यास उभे राहिले ते नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले हरीश साळवे. वादाचा गाभा १९६३ च्या व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमात होता : परदेशी नागरिकास अटक झाली असता त्याला त्याचा हक्क सांगावा, त्याच्या वकिलातीस विनाविलंब कळवावे आणि त्यांची भेट होऊ द्यावी. अटक झालेल्या माणसाच्या नातलगास किंवा मित्रास खबर देणे आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८ व्या कलमाने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. देवरी वा तिरोड्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी नवा वकील जो प्रश्न विचारतो, त्याच जातीचा प्रश्न हेगच्या शांतिप्रासादात विचारला गेला. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मताने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचे ठरले व शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्याचा आदेश झाला. मात्र शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मान्य झाली नाही, हेही विद्यार्थ्याने तितक्याच प्रामाणिकपणे टिपून ठेवले पाहिजे.

येथे दिवाणी न्यायालयात उमेदवारी केलेला कोणीही विचारील की, हुकूमनामा झाला खरा, पण त्याची दरखास्त कोठे चालवावयाची? हेगच्या न्यायालयास बेलिफ नाही, जप्तीचे वॉरंट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ९४ व्या कलमाने निकाल पाळण्याचे बंधन घातले असून, तो न पाळला गेल्यास सुरक्षा परिषदेकडे जाण्याची मुभा ठेविली आहे. परंतु तेथे पाच बड्या राष्ट्रांचा नकाराधिकार आडवा येऊ शकतो. म्हणून हा कायदा निरर्थक ठरतो काय? मुळीच नाही. दुसऱ्याने दिलेला शब्द पाळावा असे ज्या राष्ट्रास वाटते, त्याला आपलाही शब्द पाळावाच लागतो. आणि दिलेल्या शब्दाचे हे मोल ओळखणे हाच वकिलीचा पहिला संस्कार आहे.

तेव्हा दौरा काढणाऱ्या अध्यापकांनी निघण्यापूर्वी महिनाभर हे दोन निकाल वर्गात वाचून घ्यावे, अर्ध्या विद्यार्थ्यांकडून पोर्तुगालची कैफियत लिहवून अर्ध्यांकडून तिला जबाब देववावा, आणि विद्यार्थ्यांनी दिल्लीतील तज्ज्ञांपुढे निव्वळ श्रोते म्हणून न बसता प्रश्न घेऊन जावे. परतल्यावर प्रत्येकाने बाघ प्रकल्पाच्या पाणीवाटपावर किंवा दोन राज्यांत विभागलेल्या सारसाच्या अधिवासावर एक टिपण मराठीत लिहावे, म्हणजे मिळविलेले ज्ञान आपल्या मातीत रुजेल. ज्या भाषेतील सनदा वाचून जागतिक न्यायासनाने आपला निर्णय दिला, त्या भाषेत शिकणाऱ्या मुलांनी आंतरराष्ट्रीय कायदा परका मानण्याचे कारण नाही. त्यांच्या महाविद्यालयांनी या दौऱ्यास सहलीचा नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग मानून दरवर्षी त्यासाठी तरतूद करावी, एवढेच आग्रहाचे मागणे आहे.