पान दिसते, शब्द सापडत नाही

एखादे जुने मराठी पुस्तक ‘नेटवर आहे’ असे म्हटले जाते तेव्हा त्या दोन शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले असतात: ते पुस्तक वाचण्याची व पुन्हा छापण्याची कायद्याने मुभा आहे काय, त्यातील मजकूर संगणकाला मजकूर म्हणून कळतो काय, आणि ज्या साधनांनी तो वाचायचा ती साधने कोणालाही विनामूल्य मिळतात काय. मुक्त ज्ञानाची चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नापाशी थांबते. मराठीपुरती मोठी अडचण मात्र दुसऱ्या प्रश्नात आहे आणि तिच्याकडे प्रकाशकांचे, विद्यापीठांचे व शासनाचे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेलेले नाही.

कायद्याची बाजू तुलनेने सरळ आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या निमित्ताने ही मुदत ६० वर्षांची करण्यात आली आणि एका बंगाली कवीसाठी झालेली ही वाढ सर्व भारतीय भाषांना लागू झाली. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके जुन्या नियमाने २००१ च्या आरंभी मुक्त झाली असती, ती १ जानेवारी २०११ रोजी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीतील लेखनाला त्यासाठी १ जानेवारी २०१७ ची वाट पाहावी लागली. महात्मा फुले, लक्ष्मीबाई टिळक आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे लेखन मात्र पूर्वीच सर्वांचे झालेले आहे.

शासकीय प्रकाशनांना हाच ६० वर्षांचा नियम प्रकाशनाच्या वर्षापासून लागतो. जनतेच्या करातून सिद्ध झालेला ग्रंथ त्याच जनतेला पुनर्मुद्रणासाठी, भाषांतरासाठी किंवा पाठ्यसाहित्यासाठी दोन पिढ्या थांबून मिळावा, हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. त्यावर उपायही आहे, कारण हक्कधारकाला मुदत संपण्यापूर्वीच सर्वांना परवानगी देता येते. २००२ पासून उपलब्ध असलेले ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने, म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख करण्यासारख्या मोजक्या अटींवर कोणालाही पुनर्वापराची मुभा देणारी तयार कायदेशीर संमतिपत्रे, नेमक्या याच कामासाठी आहेत.

परंतु कायद्याचे कुलूप निघाल्यावरही पुस्तक उघडतेच असे नाही, याचे कारण अक्षरांच्या नोंदणीत आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक साठवतो. १९९० च्या दशकात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही, मराठी अक्षरजुळणीसाठी जे फॉन्ट वापरले गेले त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली होती. कुठे अर्धा ‘ग’, कुठे नुसता काना, कुठे वेलांटीचे एकेक वळण. तो फॉन्ट संगणकावर असेल तोवर पान सुबक मराठीत दिसे, आणि फॉन्ट काढून घेतला की त्याच पानावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उरे. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. अशा रीतीने संगणकावरच जन्माला आलेली कितीतरी मराठी पुस्तके, अंक आणि अहवाल संगणकालाच न कळणाऱ्या अवस्थेत राहिले.

यावरील उत्तर म्हणजे युनिकोड, अर्थात जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला एकच कायमचा क्रमांक देणारी सामाईक संहिता. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीचा १२८ जागांचा मूळ विभाग भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या मानकाच्या आधारे रचलेला असून मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी व कोकणी या भाषा तो वाटून घेतात. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे आणि तो फॉन्ट, यंत्र किंवा देश बदलला तरी तोच राहतो. या संहितेचा उपयोग करण्यासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नाही, हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण आहे. त्याचप्रमाणे स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबच्या आज्ञावलीवरील आपला हक्क सोडून दिला नसता, तर वेब एवढे पसरले असते की नाही याची शंकाच आहे.

सामाईक संहितेतही मराठीचे स्वतःचे प्रश्न उरतात आणि ते मराठी माणसाखेरीज दुसरे कोणी मांडणार नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरू व स्वयंपाकी एवढा फरक आहे, आणि तो केवळ रफाराच्या व अर्धचंद्रासारख्या ‘ऱ’ च्या रूपातून कळतो. हा दुसरा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो: एकात खास ‘ऱ’ या वर्णाचा क्रमांक वापरला जातो, दुसऱ्यात साध्या ‘र’ पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधयंत्रणेच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपात लिहिलेला लेख सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर ते ‘अ’ वर चंद्र चढवून साधले जाई, आणि दोन्ही प्रकारचे लेखन आज शेजारी शेजारी नांदत आहे.

छापील पुस्तकांच्या बाबतीत अडचणीचे स्वरूप निराळे आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात हजारो पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांपैकी पुष्कळ आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. परंतु त्यांची नावे बहुधा रोमन लिपीत, एकाच लेखकाच्या नावाची अनेक रूपे करून नोंदलेली असल्यामुळे हवे ते पुस्तक हाती लागणे हाच एक शोधप्रकल्प होतो, आणि ते लागले तरी हाती येते ते पानाचे चित्र. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अक्षर न् अक्षर संगणकात आणून शोधण्याजोगे केले, तेव्हा चित्र आणि मजकूर यांतील अंतर मराठी अभ्यासकाला प्रत्यक्ष दिसले. ज्या शब्दासाठी पूर्वी ग्रंथालयात जाऊन जाडजूड खंड चाळावे लागत, तो घरबसल्या क्षणात सापडू लागला. केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने असाच महाजालावर आला.

चित्रातून मजकूर काढण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. छायाचित्रातील आकार ओळखून यंत्र त्यांना अक्षरांचे क्रमांक देते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालेली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली मराठीही वाचते, पण पुसट शाई, तुटलेले खिळे आणि जोडाक्षरे यांपुढे यंत्र अडखळते, ‘घ’ चा ‘ध’ आणि ‘भ’ चा ‘म’ करते, आणि तेथे माणसाचीच गरज लागते.

या साऱ्याची निकड सर्वांत अधिक आहे ती दृष्टिहीन वाचकाला. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली दोन अंध ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञांनी २००६ मध्ये सुरू केली. ती विनामूल्य आहे, तिची रचना खुली आहे आणि ती मराठी वाचू शकते. तिच्यापुढे पानाचे छायाचित्र ठेवले तर ती गप्प राहते, जुन्या फॉन्टमधील मजकूर ठेवला तर निरर्थक रोमन अक्षरे उच्चारते. दृष्टिहीनांसाठी प्रताधिकाराच्या अटी शिथिल करणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. तथापि करारातून मिळालेली मुभा प्रत्यक्षात येण्यासाठी पुस्तक युनिकोडमध्ये असावे लागते, आणि म्हणून सार्वजनिक निधीतून निघणारे प्रत्येक मराठी प्रकाशन युनिकोड मजकुराच्या रूपात व खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करणे शासनाने व विद्यापीठांनी बंधनकारक करावयास हवे.

प्रताधिकारमुक्त पुस्तकांसाठी मात्र कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात डावीकडे यंत्राने काढलेला मजकूर आणि उजवीकडे मूळ पानाचे छायाचित्र समोर येते. वाचकाने दोन्ही ताडून चुका दुरुस्त केल्या की पानाची खूण लाल रंगातून पिवळी होते, आणि दुसऱ्या एखाद्या वाचकाने ते पुन्हा तपासले की ती हिरवी होते. त्यासाठी लागते ते मराठीचे चांगले वाचन आणि युनिकोडचा कळफलक, जो आज प्रत्येक स्मार्टफोनवर आहे. दिवाळी अंक शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या वाचकाने असे एक पान तरी हाती घ्यावे, कारण दुसरा वाचक येईपर्यंत ते पिवळेच राहते.