लांब धनुष्य : शस्त्र आणि सराव
लांब धनुष्याने चिलखती सरदारांचे युग संपविले, असे आपण इतिहासात वाचतो. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. १३४६ मध्ये क्रेसी येथे आणि १४१५ मध्ये ॲझिनकोर्ट येथे इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंचांना जेरीस आणले, हे खरे. परंतु ॲझिनकोर्टच्या विजयात नांगरलेल्या शेतातील चिखलाचा, दोन्ही बाजूंच्या झाडीचा आणि तिरंदाजांपुढे रोवलेल्या अणकुचीदार खुंटांचाही वाटा होता. उत्तम पोलादी चिलखत बाण सहसा भेदीत नसे. घोडे मात्र घायाळ होऊन उधळत. १४२९ मध्ये पाते या गावाजवळ खुंट रोवून होण्यापूर्वीच फ्रेंच घोडदळ येऊन भिडले आणि तिरंदाजांची कत्तल झाली.

मग या धनुष्याचे खरे सामर्थ्य कशात होते? १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून मिळालेली धनुष्ये ओढण्यास १०० पौंडांहून अधिक बळ लागत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढे बळ लहानपणापासूनच्या सरावानेच येते. म्हणूनच १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव करण्याचे फर्मान काढले. बंदूक चालविणे थोड्या काळात शिकता येई. धनुर्धर घडण्यास मात्र वर्षे लागत. सराव मागे पडला, तसे हे शस्त्रही मागे पडले, असे मला वाटते.