गाझी बुडाली खरी, पण सिनेमातल्यासारखी नाही

डिसेंबर उजाडला, नौदल दिन जवळ आला, की मोबाइलवर तीच पोस्ट हजर होते: 'आपल्या एस-२१ पाणबुडीने पाकिस्तानच्या गाझीला पाण्याखाली गाठून बुडवले.' पुढे झेंडे, हात जोडलेले. विचारले, हे कुठे वाचलेत? उत्तर ठरलेले: सिनेमात आहे ना! २०१७ सालचा 'द गाझी अटॅक' मीही पाहिला आहे. करमणूक म्हणून झकास आहे. पण त्यातल्या दोन पाणबुड्यांच्या झुंजीला कसलाही आधार नाही. पाकिस्तान तसे म्हणत नाही हे सोडा, भारतीय नौदलानेही तसा दावा कधी केलेला नाही.

आधी एस-२१ चे पाहू. हा क्रमांक खरा आहे, आयएनएस करंजचा. १९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी आपल्याकडे सोव्हिएत बनावटीच्या चारच पाणबुड्या होत्या: कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले. त्यांना वीरचक्र मिळाले ते पश्चिम पाकिस्तानच्या किनाऱ्यापाशी घातलेल्या गस्तीबद्दल. म्हणजे अरबी समुद्रात. गाझी बुडाली विशाखापट्टणमच्या तोंडाशी, बंगालच्या उपसागरात. मध्ये अख्खे द्वीपकल्प!

शिवाय पाणबुडीला खिडकी नसते. खाली गेल्यावर सगळी भिस्त कानावर, म्हणजे सोनारवर. पाण्याखालच्या एका पाणबुडीने पाण्याखालच्याच दुसऱ्या पाणबुडीला नेम धरून मारल्याचे युद्धेतिहासात एकच उदाहरण नोंदलेले आहे: फेब्रुवारी १९४५, नॉर्वेजवळ ब्रिटिश 'व्हेंचरर'ने जर्मन 'यू-८६४' बुडवली. दुसरे विशाखापट्टणमला घडले असते, तर जगभरच्या नौदलांनी ते पाठ्यपुस्तकात घातले असते.

मग झाले काय? गाझी मूळची अमेरिकी 'डियाब्लो', दुसऱ्या महायुद्धातली. १९६४ मध्ये ती पाकिस्तानला मिळाली. कराचीहून निघून, भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गस्त घालण्याइतका पल्ला पाकिस्तानच्या ताफ्यात तिचाच होता. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती निघाली. सावज होते विमानवाहू विक्रांत. आपल्या पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानला दडवली आणि ती विशाखापट्टणमलाच असल्याचा देखावा उभा केला. आयएनएस राजपूत ही म्हातारी विनाशिका विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेश धाडत राहिली. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावे, आईच्या प्रकृतीची चौकशी करणारी साधी तार मुद्दाम उघडपणे पाठवली गेली. बंदरात शिध्याच्या मोठाल्या ऑर्डरी गेल्या.

३ डिसेंबरच्या रात्री राजपूत बंदराबाहेर पडली. कप्तान इंदर सिंग यांनी बंदराच्या पायलटला उतरवले आणि वेग वाढवला. थोड्याच वेळात टेहळ्याला समोर पाण्यात काहीतरी खळबळ दिसली. राजपूतने दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले आणि पुढची वाट धरली. काही मिनिटांनी असा स्फोट झाला, की शहरातली खिडक्यांची तावदाने हादरली. नंतर कोळ्यांना तरंगते अवशेष सापडले आणि नौदलाच्या डायव्हरांनी खाली जाऊन ती गाझीच असल्याची खात्री केली. कमांडर झफर मुहम्मद खान आणि त्यांचे नव्वदहून अधिक सहकारी, कुणीही वाचले नाही.

खरा वाद आहे तो इथे, आणि तो सिनेमापेक्षा कितीतरी रंजक आहे. नौदलाची अधिकृत भूमिका अशी, की राजपूतच्या माऱ्याने गाझी बुडाली. इंदर सिंग यांना वीरचक्रही मिळाले. पाकिस्तान म्हणते, गाझी स्वतःच पेरत असलेल्या सुरुंगांनी फुटली. तिसरी शक्यता बॅटऱ्यांची. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत तो चार टक्क्यांवर गेला, की ठिणगीच पुरे. भारतीय नौदलाचे व्हाइस ॲडमिरल मिहिर रॉय यांनी आपल्या पुस्तकात ही शक्यता मांडली आहे, आणि भारतीय लष्कराचे लेफ्टनंट जनरल जेकब यांनीही गाझी अपघातानेच बुडाली असे लिहिले आहे. हे दोघे पाकिस्तानचे वकील नव्हेत! त्यातून गाझीसंबंधीची आपल्याकडची कागदपत्रे नष्ट झाल्याचे २०१० मध्ये वृत्तपत्रांत छापून आले. माझे मत विचाराल तर, डेप्थ चार्ज आणि मोठा स्फोट यांत मिनिटांचे अंतर असेल तर अंतर्गत स्फोटाचे पारडे जड वाटते. पण डेप्थ चार्जच्या धक्क्याने आतले सुरुंग पेटले असतील, हेही नाकारता येत नाही. कोणतेही खरे धरा, कृष्णन यांच्या हुलकावणीचे श्रेय कमी होत नाही. गाझी तिथे घुटमळली ती विक्रांतसाठीच. आणि ४ डिसेंबरला विक्रांतची विमाने कॉक्स बझारवर घिरट्या घालत होती.

किरकोळ गैरसमज झटपट उरकतो.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरच्या संग्रहालयातली पाणबुडी गाझीला मारणारी नाही. ती कुरसुरा. १९७१ मध्ये तीही अरबी समुद्रातच होती.

१९६५ मध्ये गाझीने आपली युद्धनौका 'ब्रह्मपुत्रा' बुडवली, असे पाकिस्तानात सांगतात. ब्रह्मपुत्रा धडधाकट परतली आणि पत्रकारांना दाखवली गेली.

आणि १९७१ मध्ये आपली युद्धनौका 'खुकरी' गाझीने बुडवली, हेही चूक. ती हँगोर. फ्रेंच बनावटीची ही वेगळी पाणबुडी, आणि घटना दीवजवळची, ९ डिसेंबरच्या रात्रीची. घोटाळा कशामुळे होतो, तेही उघड आहे: गाझी बुडाल्याची घोषणा आपण केली ती ९ डिसेंबरलाच, खुकरी बुडण्याच्या काही तास आधी.