एटीव्हीचा बेल्ट किती टिकतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

एटीव्ही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, बेल्ट किती किलोमीटर चालतो? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देणं म्हणजे त्या माणसाची दिशाभूल करणं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा बेल्ट कित्येक हजार किलोमीटर चालूनही मापात भरतो आणि दुसरीचा पहिल्याच सुट्टीत फाटतो, असं सर्रास घडतं. बेल्ट दोन्हीकडे तोच असतो. त्याच्या वाट्याला येणारी उष्णता वेगळी असते. ती कुठून येते हे एकदा समजलं, की या बेल्टबद्दलचे बरेचसे गैरसमज दूर होतात.

आधी रचना पाहू. इंजिनाच्या बाजूला एक पुली, गिअरबॉक्सच्या बाजूला दुसरी, आणि दोघींमध्ये इंग्रजी व्ही आकाराचा रबरी बेल्ट. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची असते. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात आणि तिथला बेल्ट खाली उतरतो. गिअर न बदलता गाडीचा वेग वाढत जातो तो असा. नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये हीच कल्पना ‘व्हेरिओमॅटिक’ नावाने मोटारीत आणली. पुढे ती बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये रुळली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने १९८५ मध्ये आपली पहिली एटीव्ही काढली, तेव्हा ही यंत्रणाही तिच्यात आली.

‘प्रत्येक एटीव्हीला बेल्ट असतोच’

नसतो. होंडाच्या बहुतेक मोठ्या एटीव्ही गिअरवर चालतात, त्यांत बेल्ट नावाचा भागच नाही. यामाहा रॅप्टर ७०० सारख्या शर्यतीच्या वळणाच्या गाड्यांना मोटारसायकलसारखी साखळी असते. मुलांसाठीच्या किंवा पर्यटनस्थळी फेरी मारायला मिळणाऱ्या ११०-१२५ सीसीच्या बऱ्याच छोट्या एटीव्हींनाही साखळीच असते. त्यामुळे बेल्टची काळजी करण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडून पाहावं.

‘स्कूटरचा बेल्ट वीस हजार किलोमीटर जातो, मग याचाही जायला हवा’

आपल्याकडे हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याला कारणही आहे. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गॅरेजांना हा बेल्ट ठाऊक आहे. आजच्या ११० सीसीच्या गिअरलेस स्कूटरचा बेल्ट साधारण वीस ते चोवीस हजार किलोमीटरला बदलतात. एटीव्हीचा बेल्ट त्याहून रुंद आणि जाड दिसतो, म्हणून तो जास्त टिकेल असं वाटणं स्वाभाविक आहे.

दोन गोष्टी मात्र नजरेआड होतात. पहिली म्हणजे ताकद. स्कूटरचा बेल्ट आठेक अश्वशक्ती वाहून नेतो, तर पोलारिस स्पोर्ट्समन ५७० चा बेल्ट ४४. रबरी बेल्टच्या या यंत्रणेत ताकदीचा काही भाग उष्णता होऊन जातोच. पूर्ण ताकदीवर दहा टक्के जरी वाया गेले, तरी तीन किलोवॉटहून जास्त उष्णता तयार होते. म्हणजे न्हाणीघरातला तीन किलोवॉटचा गिझर प्लॅस्टिकच्या बंद कव्हरमध्ये सतत चालू ठेवल्यासारखं झालं. ती उष्णता बाहेर काढायला असतात फक्त पुलीवरची पाती आणि हवेच्या दोन नळ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्कूटर उभी असताना बेल्ट फिरतच असतो. गाडी हलवण्याचं काम मागच्या चाकाकडचा क्लच करतो, सुरुवातीचं घासणं तो सोसतो. पोलारिस आणि तिच्या धर्तीच्या बऱ्याच एटीव्हींमध्ये असा वेगळा क्लच नसतो. तिथे बेल्ट हाच क्लच. उभ्या गाडीत पुढची पुली सैल बेल्टच्या आत नुसती फिरत असते. रेस दिली की तबकड्या त्याला दोन्हीकडून पकडतात, आणि पकड पूर्ण बसेपर्यंत तो त्यांच्यावर घसरतो. दर वेळी गाडी हलवताना त्या घसरण्याची किंमत बेल्टच मोजतो. याउलट यामाहाच्या ग्रिझली आणि कोडिअ‍ॅकमध्ये तेलात बुडालेला वेगळा क्लच आहे. तिथे बेल्ट कायम ताणलेला राहतो, म्हणून त्या गाड्यांचे बेल्ट दीर्घायुषी म्हणून ओळखले जातात. दोन एटीव्हींची तुलना करताना सीसीआधी क्लच कुठे आहे हे विचारलं पाहिजे.

‘लो म्हणजे घाट चढायला, बाकी सगळीकडे हाय’

माझ्या मते एवढा एक गैरसमज सुटला तरी निम्मे बेल्ट वाचतील.

लो आणि हाय म्हणजे गिअर निवडायच्या दांड्यावरचे दोन टप्पे, एक सावकाश जोर लावण्याचा, दुसरा नेहमीच्या वेगाचा. समजूत अशी असते की लोमध्ये इंजिन ओरडतं, म्हणजे गाडीवर आणि बेल्टवर ताण येतो. प्रत्यक्षात उलट होतं. लोचा गिअर बेल्टच्या नंतर, गिअरबॉक्समध्ये असतो. चाकाला तेवढाच जोर द्यायचा असेल तर लोमध्ये त्यातला मोठा वाटा गिअर उचलतात आणि बेल्टला कमी ओढावं लागतं. शिवाय इंजिन जास्त फिरत असल्यामुळे पुढची पुली बेल्टला घट्ट धरते आणि तिची पाती कव्हरमधून जास्त हवा खेळवतात. हायमध्ये दगडांतून सावकाश जाताना किंवा पाठीमागे ओझं ओढताना यातलं काहीच होत नाही. पकड ढिली, हवा कमी आणि ओढ जास्त, अशा अवस्थेत बेल्ट घासत राहतो आणि चालवणाऱ्याला मात्र गाडी शांत चालल्यासारखी वाटते.

पोलारिसच्या मॅन्युअलमध्ये यासाठी मर्यादाच दिलेली आहे: ताशी ११ किलोमीटरच्या खाली बराच वेळ चालायचं असेल, जड ओढायचं असेल किंवा खडबडीत रस्ता असेल, तर लो वापरा. मिनेसोटात हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायला हीच गाडी लावतात. ढकला, मागे या, पुन्हा ढकला. किलोमीटर जेमतेम दोन होतात, पण हायमध्ये केलेले ते दोन किलोमीटर मोकळ्या वाटेवरच्या कैक किलोमीटरना भारी पडतात. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर कारण वेगळं, परिणाम तोच. मऊ वाळू चाकं धरून ठेवते, चालवणारा रेस सोडत नाही आणि वरून वाळवंटातलं ऊन असतं.

कव्हरमध्ये बसवायचे इन्फ्रारेड तापमापक आता मिळतात. ते वापरणाऱ्यांचा ठोकताळा असा, की ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत काळजी नाही, शंभरच्या वर रेस कमी करावी, आणि एकशेवीसच्या पुढे बेल्टचं आयुष्य झपाट्याने घटतं. मोठी चिखलाची चाकं बसवलेल्या गाडीचा काटा लवकर चढतो, कारण चाक मोठं झालं की गिअरिंग उंच होतं आणि तो बोजा बेल्टवर पडतो.

‘फाटला, म्हणजे बेल्टच हलका होता’

कधीकधी असतो, पण बहुतेक वेळा बेल्ट दुसऱ्याच्या दोषाने जातो. हा दोष जुन्या बेल्टवर लिहिलेला असतो, म्हणून तो न बघता फेकू नये.

एका जागी दोन्ही कडा आत चेपलेल्या दिसल्या, तर तिथे व्हर्निअर लावून पाहा. बाकीच्या बेल्टपेक्षा रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटरने कमी भरली, तर गाडी कुठेतरी अडकलेली असताना रेस दिली गेली आहे. चाकं हलत नव्हती, बेल्ट उभा होता आणि पुढची पुली त्याच एका जागी त्याला घासत होती. असा बेल्ट लगेच तुटत नाही, पण गाडी सावकाश निघाली की दर फेऱ्याला ‘धप्प’ असा धक्का जाणवतो. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट दीर्घकाळ थोडाथोडा घसरत होता. एकाच कडेने दोरे बाहेर आले असतील तर दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा इंजिनाचं माउंटिंग बसलं आहे. दात उडाले असतील तर जोराचा झटका बसला असणार, जसं उडी मारून चाकं जमिनीला टेकताना रेस दिलेली असते. या कारणांपैकी एकही नवा बेल्ट घालून जात नाही.

कारण शोधण्याची खरी शिस्त मला दिसते ती बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी एटीव्ही बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये. २००७ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ उतरतात. इंजिन दहाएक अश्वशक्तीचं आणि सर्वांना सारखंच असतं, त्यामुळे बेल्टमध्ये वाया जाणारी ताकद परवडत नाही. ही मुलं पुलीच्या तबकडीवर मधल्या भागापासून काठापर्यंत मार्करने एक रेघ ओढतात आणि गाडी पळवून आणतात. बेल्टने रेघ कुठपर्यंत पुसली ते बघितलं की तो वरपर्यंत चढतो की अर्ध्यावर अडतो हे लगेच कळतं. मग वजनं आणि स्प्रिंग बदलायची. यासाठी मार्करखेरीज काही लागत नाही, कोणत्याही गॅरेजमध्ये हे करता येईल.

बाकी काही समजुती थोडक्यात. पाण्याने बेल्ट कुजत नाही, पण ओला बेल्ट घसरतो. कव्हरच्या तळाचं बूच काढून पाणी सोडावं आणि न्यूट्रलमध्ये थोडी थोडी रेस देऊन तो वाळवावा. पकड वाढावी म्हणून त्यावर स्प्रे किंवा ग्रीस कधीही लावू नये. अ‍ॅरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्यांचा महागडा बेल्ट ताण जास्त सोसतो, हे खरं, पण लांबी, रुंदी आणि कडांचा कोन गाडीला नेमका जुळला तरच. आणि भेग दिसत नाही म्हणजे बेल्ट ठीक, असंही नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान रुंदीच्या खाली गेला, की दिसायला नवा असला तरी तो बदलावा.

नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, बाणाची दिशा बघून बसवायचा. पुलीच्या तबकड्या अल्कोहोलने पुसून कोरड्या करायच्या. मग पहिले पन्नास किलोमीटर निम्म्याहून जास्त रेस द्यायची नाही आणि मधूनमधून थांबून बेल्ट थंड होऊ द्यायचा. राखीव बेल्टही असाच आधी चालवून मग काढून ठेवावा, म्हणजे रानात घालायची वेळ आली तर लगेच पूर्ण भार देता येतो. आणि जुना फाटलेला असेल तर नवा घालण्याआधी कव्हरमधला प्रत्येक तुकडा काढावा. मागच्या पुलीच्या शाफ्टभोवती गुंडाळलेला दोऱ्यांचा गुंता विशेषतः, कारण तो राहिला तर आतलं ऑइल सील कापतो आणि मग तेल नव्या बेल्टवर येतं.