नासपतीची धास्ती

नोव्हेंबर १८३१. पॅरिसच्या न्यायालयात ‘ला कारिकातुर’ साप्ताहिकाचे संपादक शार्ल फिलिपाँ राजाच्या अवमानाच्या आरोपाखाली उभे होते. बचावादाखल त्यांनी राजा लुई-फिलिपचा चेहरा चार टप्प्यांत रेखाटला. पहिले चित्र राजाचे, शेवटचे निव्वळ नासपतीचे. साम्य हाच गुन्हा असेल, तर तो नेमका कोणत्या रेषेपासून सुरू होतो, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने सहा महिन्यांची कैद आणि २,००० फ्रँक दंड ठोठावला. पण फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळटही. हे फळ लवकरच पॅरिसच्या भिंतीभिंतींवर उमटले.

विसंगती अशी की, वृत्तपत्रांची गळचेपी हे १८३०च्या क्रांतीचे तात्कालिक निमित्त होते आणि तिनेच लुई-फिलिपला सिंहासन दिले होते. पूर्वनियंत्रण पुन्हा कधीही लादले जाणार नाही, असे वचन त्या वर्षीच्या सनदेत होते.

लंडनने आधी वेगळा उपाय करून पाहिला होता. १८२० साली जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराला, नव्या राजाला, म्हणजे चौथ्या जॉर्जला, अनैतिक प्रसंगात न दाखवण्याच्या बोलीवर १०० पौंड देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच राजाराणीच्या बेबनावावरील विल्यम होनच्या पुस्तिकेसाठी त्याच क्रुकशँकने चित्रे काढली!

पॅरिसने मात्र दंडुका उगारला. कष्टकऱ्यांच्या टोपल्यांतील नाणी गिळणारा आणि आसनाखालून मानसन्मान उत्सर्जित करणारा राजा चितारल्याबद्दल ओनोरे दोमिए १८३२ मध्ये तुरुंगात गेले. जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला. ती संधी साधून सप्टेंबरमध्ये चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा कायदा आला. छापील मजकुराला ती अट नव्हती. सनदेने मतस्वातंत्र्य दिले आहे, चित्र हे मत नसून कृती आहे, असा सरकारी युक्तिवाद होता. त्यामागचे भय उघड होते. अग्रलेख साक्षरांपुरता राहतो. शिळाछापाचे चित्र दुकानाच्या काचेतून निरक्षरालाही वाचता येते.

व्यंगचित्रांनी राजसत्ता उलथली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. साडेतीन कोटींच्या देशात मताधिकार जेमतेम अडीच लाखांना होता. सुधारणांची मागणी नाकारली जात राहिली. फेब्रुवारी १८४८ मध्ये सुधारणावाद्यांच्या मेजवानीवर बंदी घातली गेली, पॅरिस पेटले आणि लुई-फिलिप इंग्लंडला पळाला. चित्रे प्रजेची नाडी सांगत होती. दरबाराने वैद्यालाच कोंडले, रोग तसाच राहिला.